पाण्याच्या दिवशी घर बघायला या

वरच्या दोन खोल्या परवा रिकाम्या झाल्या. काल संध्याकाळी ह्यांनी माळ्यावरची जुनी पाटी काढली, ओल्या फडक्यानं पुसली आणि गेटला तारेनं बांधली. ‘भाड्याने देणे आहे. टू रूम किचन. फक्त फॅमिलीसाठी.’ शेवटची ओळ पांढऱ्या ऑइलपेंटनं खोडलेली आहे, पण ऊन पडलं की खालची अक्षरं दिसतातच. रात्री नऊपर्यंत चार फोन आले. चौघांनाही मी एकच सांगितलं, गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला या. त्यातला एक म्हणाला, "आत्ता येऊ का? मी इथं आसरा चौकातच थांबलोय." म्हटलं, आत्ता नको, गुरुवारी पाणी आहे.

सोलापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी लिहिते. उजनी धरण शंभर टक्के भरलं की पेपरात पहिल्या पानावर फोटो येतो, आणि आमच्या जुळे सोलापुरात नळाला पाणी येतं चौथ्या नाहीतर पाचव्या दिवशी. आलं की दोन-अडीच तास गल्लीत लगीनघाई. मोटरी सुरू, पाइप आडवेतिडवे, कुणाचा तरी हौद भरून रस्त्यावर वाहतोय आणि समोरचे काका बनियनवर उभे राहून ओरडतायत. मी मुद्दाम त्याच वेळी लोकांना घर दाखवते. घर तर दिसतंच, पण मला माणसं बघायची असतात. काही जण पाइप ओलांडताना चेहरा वाकडा करतात. काही जण थेट वर जाऊन खिडकीतून हवा किती येते ते बघतात आणि टाकी किती लिटरची हे विचारतच नाहीत. असा माणूस चौथ्या दिवशी सकाळी दात घासायच्या आधी माझं दार वाजवणार, हे मला आता अनुभवानं ठाऊक आहे.

२०१५ साली एक बाई अशाच पाण्याच्या दिवशी आल्या होत्या. पूर्व भागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या, नवरा टॉवेलच्या कारखान्यात. मी मोटर बघायला आत गेले होते. बाहेर आले तर पिंपातून सुटलेला पाइप त्यांनी उचलून परत पिंपात घातला होता आणि तो पुन्हा सुटू नये म्हणून पायातल्या चपलेनं दाबून धरला होता. घर अजून बघितलंही नव्हतं. साडीचा काठ भिजलेला. मी तिथंच ठरवलं की घर ह्यांनाच द्यायचं.

शेजारी लगेच आले. "काय करलालाव वो बाई? कारखान्यातला माणूस, आज हाय उद्या नाही. शिवाय खाणंपिणं..." खाणंपिणं म्हणजे काय ते मला कळलं. मटणाचा वास दर रविवारी आमच्याही घरातून येतो, तेव्हा हे गृहस्थ डबा घेऊन येतात. खरं सांगायचं तर त्याआधी मीही फोनवर पहिला प्रश्न ‘आडनाव काय?’ हाच विचारायची. सवय. वर्गात हजेरी घेतल्यासारखी. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, आडनावावरून कुठलं पोर अभ्यास करणार आणि कुठलं नाही हे एकदाही सांगता आलं नाही. मग भाड्याचं कसं सांगता येईल? पण हे मला सुचायला ती बाई भेटावी लागली.

सहा वर्षं राहिल्या त्या. मला ‘अक्का’ म्हणायच्या. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कारखाना बंद पडला, तेव्हा त्यांचे मिस्टर दर पाच तारखेला जिना उतरून खाली यायचे. दारात उभे राहून सांगायचे, "ह्या महिन्यात पण नाही होत अक्का." बस, एवढंच. बसायचे नाहीत, चहा घ्यायचे नाहीत. तीन महिने असं झालं. मग यंत्रमाग सुरू झाले तसे पाचशे-पाचशे करून सगळे फेडले. शेवटचे पाचशे आणून दिले तेव्हा वहीत माझ्या हिशोबाप्रमाणे बाकी शून्य होती, त्यांच्या हिशोबानं अजून दोनशे राहिले होते. त्यांचा हिशोब बरोबर निघाला. मी एक विजेचं बिल धरायला विसरले होते.

भाडं थकणं आणि भाडं बुडवणं ह्यातला फरक मी त्यांच्यामुळं शिकले. पैसे नसलेला माणूस स्वतः येऊन सांगतो. पैसे न देणारा माणूस जिना चढताना चपला हातात घेतो. हे उपमा म्हणून लिहीत नाहीये, आमच्या जिन्यावर मी हे डोळ्यांनी बघितलंय. आता तेच सांगते.

२०२१ च्या मे महिन्यात त्या लोकांनी स्वतःचं घर बांधलं, गेले. जूनमध्ये माझ्या नणंदेचा फोन. तिच्या जावेचा भाचा सोलापुरात बदलून आला होता, बायको आणि एक लहान मुलगी, माणसं आपल्यातलीच, वहिनी तुम्ही डोळे झाकून द्या. मी दिलं. डोळे अगदी झाकून दिलं. पाण्याचा दिवसही बघितला नाही, त्या रविवारी पाणी नव्हतंच. नणंदेची मुलं मला मामी म्हणतात म्हणून हाही पहिल्या दिवसापासून ‘मामी’ म्हणायला लागला. वाकून नमस्कार. भाडं साडेसहा हजार, डिपॉझिट वीस हजार. करार म्हणजे शंभराच्या बाँडवर टाइप केलेला, कोर्टासमोर बसणाऱ्या नोटरीचा शिक्का मारलेला. अकरा महिन्यांचा. घरातल्याच माणसाशी आणखी काय लिहायचं, असं ह्यांचंही म्हणणं पडलं.

जून, जुलै, ऑगस्टचं भाडं वेळेवर मोबाइलवर आलं. सप्टेंबरमध्ये, "मामी, पगार अडकलाय, पंधरा तारखेला नक्की." ऑक्टोबरमध्ये दसऱ्यानंतर. मग दिवाळीनंतर. नोव्हेंबरपासून फोन उचलणं बंद आणि रात्री अकरानंतर चपला हातात. मी अंथरुणात पडल्या पडल्या जिन्याच्या पायऱ्या मोजायची. सतरा पायऱ्या आहेत. नवव्या पायरीची फरशी हलते, तिथं आवाज व्हायचाच.

नणंदेला सांगितलं तर ती म्हणाली, "वहिनी, मी फक्त नाव सुचवलं होतं." त्या वर्षीची भाऊबीज कशी झाली ते विचारू नका.

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस आले. यात्रेला सोलापुरात कुणाच्या घरी पाहुणे नसतात? नंदीध्वजाची मिरवणूक बघायला आमच्याकडेही बार्शीहून माणसं येतात. पण वर आलेले पाहुणे यात्रेचे दिवस सरले तरी हलेनात. तीन माणसांचं घर, सात जण राहायला लागले. चौथ्या दिवशी यायचं पाणी दुसऱ्या दिवशी संपायचं. ह्यांचा आवडता शब्द ‘बघू’. त्या महिन्यात मी तो शब्द ऐकला की उठून दुसऱ्या खोलीत जायची.

आणि मग मी ते केलं, जे गल्लीतला प्रत्येक जण मला दोन महिने सांगत होता. "पाणी तोडा वो, आठ दिवसात पळतंय बघा."

वरच्या टाकीतून खोल्यांना जाणाऱ्या लाइनीचा कॉक जिन्याखाली आहे, पितळी, जुना. सकाळी आठला मी तो बंद केला. घट्ट होता, फडकं गुंडाळून दोन्ही हातांनी फिरवावा लागला. हातात हिरवट डाग राहिला. आत येऊन भाजी चिरायला बसले आणि कान वर. दहा मिनिटांनी त्याची बायको खाली आली. कडेवर चार वर्षांची मुलगी, टॉवेलात गुंडाळलेली, केसांना साबण तसाच. साबण डोळ्यांत गेला होता, पोर हमसून हमसून रडत होती. ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. अंगणातल्या हौदाचं झाकण सरकवलं, तांब्यानं पाणी घेऊन तिथंच मुलीचं डोकं धुतलं, झाकण परत लावलं आणि वर गेली. मी खिडकीतून बघत होते, ते तिला माहीत होतं.

मी दुपारीच कॉक उघडला. पण तोवर त्यानं पोलीस ठाण्यात अर्ज दिला होता. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं. साठीची बाई, आयुष्यात पहिल्यांदा ठाण्याची पायरी चढले, आणि ती फिर्यादी म्हणून नाही. तिथल्या साहेबांनी नीट बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "मॅडम, भाडं थकलंय तर कोर्टात जा. पाणी-लाइट तोडायचा अधिकार तुम्हाला नाही. कायद्यात तसं कलमच आहे." आहे. नंतर वकीलबाईंनी दाखवलं, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९. घरमालकाला अत्यावश्यक सेवा तोडता येत नाही किंवा अडवून धरता येत नाही. भाडेकरू कितीही नाठाळ असो. कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं, चार माणसं घेऊन जाऊन दम देणं, सगळं त्याच रांगेतलं. भाड्याच्या बाबतीत चूक त्याची होती आणि ठाण्यातल्या खुर्चीवर मी बसले होते. गल्लीतल्या सल्लागारांपैकी त्या दिवशी सोबत कुणी आलं नाही हे वेगळं सांगायला नको.

वकीलबाईंनी बाँड हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि विचारलं, "ताई, हा रजिस्टर कुठंय?"

म्हटलं, अकरा महिन्यांचा आहे ना, रजिस्टर कशाला? अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. बाई हसल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. त्यांनी सांगितलं ते असं. एक वर्षाच्या आतला भाडेपट्टा नोंदवला नाही तरी चालतो, हा नोंदणी कायद्याचा जुना हिशोब. महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे, ३१ मार्च २००० पासून लागू. त्याच्या कलम ५५ प्रमाणे घर भाड्यानं दिलं किंवा लिव्ह अँड लायसन्सनं, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती नुसती राहायची परवानगी म्हणून दिलं, तर करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. आणि नोंदवायची जबाबदारी भाडेकरूवर नाही, घरमालकावर. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

पण शिक्षेपेक्षा त्यातली दुसरी ओळ मला जास्त झोंबली. करार नोंदवलेला नसेल तर कुठल्या अटींवर घर घेतलं ह्याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. आमच्या नोटिशीला त्याचं उत्तर आलं तेव्हा ह्या ओळीचा अर्थ कळला. उत्तरात लिहिलं होतं की भाडं साडेसहा नसून तीन हजार ठरलं होतं, आणि डिपॉझिट वीस हजार नसून एक लाख दिलं आहे, रोख. म्हणजे हिशोब केला तर मीच त्याला देणं लागत होते! ह्यांनी ते पत्र वाचलं आणि पहिल्यांदा ‘बघू’ म्हणाले नाहीत.

वाचवलं कशानं, तर त्या पहिल्या तीन महिन्यांच्या मोबाइलवरच्या व्यवहारांनी. जून, जुलै, ऑगस्ट, तिन्ही वेळा साडेसहा हजार, आणि एका व्यवहाराला त्यानंच टाकलेली नोंद, ‘रेंट जुलै’. डिपॉझिटही बँकेतूनच आलं होतं. रोख घेतलं असतं तर काय झालं असतं ह्याचा मी विचार करत नाही. तेव्हापासून मी रोख भाडं घेतच नाही. हट्टी आजीबाईसारखं वाटतं, पण एक रुपयाही रोख नाही.

खटला चालवावा की नाही? वकीलबाई म्हणाल्या, जिंकाल, पण कधी ते मला विचारू नका. करार नोंदवलेला असता आणि मुदत संपलेली असती, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता आला असता. तिथं नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्सचा करार हाच मुख्य पुरावा. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट नुकसानभरपाई लागते. माझ्या हातात शंभराचा बाँड. शेवटी तडजोड केली. मार्चअखेर त्यानं घर सोडलं. सप्टेंबर ते मार्च सात महिन्यांचे साडेपंचेचाळीस हजार, वर विजेच्या बिलाचे ४,१८०. डिपॉझिटचे वीस वजा जाता २९,६८० रुपये मी सोडून दिले. आणि निघायच्या दिवशी टेम्पोवाला पैशांसाठी अडून बसला, तेव्हा टेम्पोचे दीड हजारही मीच दिले. ते मला मुळीच जड गेले नाहीत. मुलीनं गाडीतून मला टाटा केला. तिला काय माहीत.

माझ्या वडिलांनी हे सगळं ऐकलं असतं तर म्हणाले असते, तुला सांगितलं होतं. अण्णांचा शुक्रवार पेठेत वाडा होता. पुढच्या खोलीत १९६८ पासून एक शिंपी, भाडं पस्तीस रुपये. अण्णा गेले तेव्हाही पस्तीसच. नव्या कायद्यानं वर्षाला चार टक्के वाढ करता येते असं कुणीतरी अण्णांना सांगितलं, तेव्हा त्यांनी तिथंच तोंडी हिशोब केला, "म्हणजे एक रुपया चाळीस पैसे!" आणि खूप वेळ हसत राहिले. महिन्याच्या एक तारखेला ते रिक्षानं वाड्यावर जायचे, शिंप्याच्या मशीनजवळच्या स्टुलावर बसून चहा प्यायचे, पस्तीस रुपये घ्यायचे, पावती द्यायचे. रिक्षाचं जाऊन-येऊन भाडं पस्तिसाच्या वर. भांडण कधीच झालं नाही, पण जागाही कधी सुटली नाही. त्यावरून अण्णांनी धडा घेतला की भाडेकरू ठेवायचाच नाही, आणि वाड्यातल्या बाकीच्या चार खोल्यांना कुलूप लावलं. पत्र्यातून पावसाचं पाणी आलं, तुळ्या कुजल्या, घुशींनी भिंतीचा पाया पोखरला. शेवटी धड राहिली ती एकच खोली, शिंप्याची. तो दर दिवाळीला स्वतःच्या पैशानं चुना मारून घ्यायचा.

आमच्या गल्लीत आजही तीन घरांचे वरचे मजले बंद आहेत. मुलं पुण्यात, अमेरिकेत, आणि आईवडिलांना एकच धास्ती, बळकावलं तर? बारा वर्षं राहिला की मालक होतो म्हणे. करारानं, भाडं देऊन राहणारा माणूस असा मालक होत नाही. तो तुमच्या परवानगीनं राहतोय आणि तेच तर करारात लिहिलेलं असतं. कुलूप लावण्यापेक्षा कागद करा, हे मी त्यांना सांगून थकले.

कागद म्हणजे फार काही नाही. आता ऑनलाइन नोंदणी होते, माणूस अंगठ्याचं मशीन आणि लॅपटॉप घेऊन घरी येतो, आमच्या डायनिंग टेबलावर अर्ध्या तासात होतं. दोन्हीकडचे आधार, फोटो, अंगठे, दोन साक्षीदार. भाडं आठ हजार, डिपॉझिट पंचवीस हजार, मुदत अकरा महिने. अकरा महिन्यांच्या भाड्याची बेरीज, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यानं धरलेलं व्याज, आणि ह्या सगळ्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क. सव्वादोनशेच्या आसपास येतं. शहर हद्दीत नोंदणी फी एक हजार, ग्रामपंचायतीत पाचशे. करून देणाऱ्याचे पैसे वेगळे. निम्मं मी देते, निम्मं भाडेकरू. ज्याला ह्या खर्चाचा राग येतो आणि "नोटरीवर भागवू की काकू" म्हणतो, त्याच्याकडं मी जरा निरखून बघते.

पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देणं हेही घरमालकाचंच काम. आपल्याकडं पोलीस आयुक्तालय आहे, तसे आदेश निघत असतात, आणि माहिती दिली नाही म्हणून गुन्हा दाखल होतो तो घरमालकावर. आधी मला वाटायचं, हे विचारलं तर माणसाला अपमान वाटेल. चांगल्या माणसाला वाटत नाही. आधारच्या झेरॉक्सवर मी त्यांच्यासमोर ‘फक्त भाडेकरारासाठी’ असं लिहून तारीख टाकते, म्हणजे त्यांनाही बरं वाटतं.

बाकी माझी चौकशी फोनवर चालते. आधीच्या घरमालकाचा नंबर मागते, पण त्यातही एक गोम आहे. सध्या ज्यांच्याकडं राहतात त्या मालकाचं मी फारसं मनावर घेत नाही. ब्याद टळावी म्हणून तो कौतुकच करणार. मीच केलं होतं! तो मामीवाला सोडून गेला, त्याच्या आठ दिवस आधी एका बाईंचा फोन आला होता, माणूस कसा आहे म्हणून. मी म्हटलं, "चांगलाय, शांत आहे." फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मीच उलट फोन करून सांगितलं की भाडं आधी घ्या आणि करार रजिस्टर करा, ह्याहून जास्त विचारू नका. त्या बाईंनी काय केलं माहीत नाही. तेव्हापासून मी सध्याच्या मालकाच्या आधीचा मालक गाठते. त्याला आता काही मिळवायचं नसतं, तो सांगतो. भाडं किती तारखेला यायचं, घर सोडताना नळ चालू होते का, डिपॉझिटवरून वाद झाला का. पगाराची स्लिप बघते. पगाराच्या तिसऱ्या हिश्शाहून भाडं जास्त होत असेल तर मीच सांगते, तुम्हाला हे झेपणार नाही, सैफुलकडं थोडं स्वस्त मिळेल. कंत्राटी कामावर आलेल्यांना काम किती महिन्यांचं ते विचारते आणि करार तेवढ्याच महिन्यांचा करते.

किती माणसं राहणार हे मात्र मी दोनदा विचारते, एकदा फोनवर, एकदा हौदापाशी. दोन्ही उत्तरं जुळली पाहिजेत.

आता ती खोडलेली ओळ. माझा मुलगा पुण्यात नोकरीला लागला, तेव्हा त्याला एकवीस घरांनी नाही म्हटलं. बॅचलर. सोलापूरचा. एका ठिकाणी तर बाईंनी दाराची साखळीही काढली नाही. शेवटी मिळालेल्या घरातून दोन वर्षांनी निघाला, तर मालकानं ‘रंगकाम’ म्हणून डिपॉझिटमधले अठरा हजार कापले, आणि भिंतीवरचे डाग हा राहायला जायच्या आधीपासूनचे होते. फोटो काढले नव्हते. फोनवर तो रागावून म्हणाला, "आई, तुमच्यासारखेच असतात सगळे घरमालक." ‘तुमच्यासारखेच’ हे लागलं. त्या आठवड्यात मी ब्रश घेतला आणि ‘फक्त फॅमिलीसाठी’ खोडलं.

त्यानंतर आल्या तीन मुली, नर्सिंग करणाऱ्या. करारावर सही करायला तिघींचेही वडील आले, एक उमरग्याहून, एक विजापूरहून, एक मंगळवेढ्याहून. चावी द्यायच्या आधी आम्ही सगळ्यांनी मिळून वरची प्रत्येक भिंत, नळ, खिडकीची काच, मीटरचा आकडा, सगळ्याचा व्हिडिओ काढला आणि तो सगळ्यांच्या फोनवर पाठवला. भाडं सहा तारखेपर्यंत आलं नाही तर सात तारखेला मी एकच मेसेज टाकायची, ‘बाळांनो, विसरलात का?’ तीन वर्षांत चारदा टाकावा लागला. एकदा गच्चीवर वाढदिवसाचा दंगा झाला, रात्री बाराला गाणी. मी वर गेले नाही. सकाळी सातला भजी तळून वर घेऊन गेले आणि बसले. सातला! डोळे चोळत तिघी माझ्यासमोर. दंग्याचा विषय मी काढलाच नाही, पण नंतर दंगाही झाला नाही. ही युक्ती शाळेतली आहे, नाठाळ वर्गाला चालते.

परवा त्या गेल्या, तिघींनाही नोकरी लागली. डिपॉझिट त्याच दिवशी, त्यांच्यासमोर, पूर्ण परत केलं. बाथरूमचा एक हुक तुटला होता, त्याचे चाळीस रुपये त्यांनीच टेबलावर ठेवले. एकीच्या आईनं शेंगाचटणीचा डबा पाठवला होता. सोलापूरच्या माणसाला मंगळवेढ्याहून शेंगाचटणी, आता काय बोलायचं.

हे लिहितानाच पाचवा फोन येऊन गेला. तरुण आवाज, बायको बँकेत, स्वतः घरूनच काम करतो म्हणाला, हैदराबादहून आलेत. आडनाव मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. भाडं विचारलं, डिपॉझिट विचारलं. मी म्हटलं, गुरुवारी साडेसहाला या. तो जरा थांबला. मागं बायको काहीतरी कुजबुजली. मग त्यानं विचारलं,

"काकू, हौद किती हजार लिटरचा आहे?"